बाईंचं उजवं

गिऱ्हाइकांमध्ये टेलरबाईंनी आयुष्यात कधी डावं-उजवं केलं नाही. बँकेच्या मॅनेजरीणबाईंचा कोट असो, नाहीतर जिन्याखालच्या खोलीत राहणाऱ्या आजींचा उसवलेला गाऊन, टाका तितकाच बारीक आणि कुरकुरही तितकीच. हे झालं बोलण्यातलं डावं-उजवं. खरं डावं-उजवं मात्र बाईंना साठी उलटली तरी कळत नव्हतं, आणि त्यात दोष असलाच तर तो त्यांच्या आज्ञाधारकपणाचा होता.

झालं असं, की पहिलीच्या वर्गात शिक्षिकेने सांगितलं, ज्या हाताने लिहिता तो उजवा. सगळ्या वर्गाने पेन्सिलीचा हात वर केला. बाईंनीही केला. ही मुलगी डावखुरी आहे हे शिक्षिकेच्या लक्षात आलं नाही, आणि मोठ्यांचं म्हणणं तपासून बघायची बाईंच्या घरी पद्धत नव्हती. तेव्हापासून तो हात उजवा झाला तो झालाच.

पुढे कधीतरी ही चूक उघडकीला आली असती, पण त्यांना धंदाही असा मिळाला की ती झाकलीच गेली. मापं घेणारा माणूस गिऱ्हाइकाच्या समोर उभा राहतो. समोरच्याचा उजवा खांदा आपल्या डाव्या हाताला येतो, आणि बाई तर आपल्या डाव्या हातालाच उजवा म्हणत. म्हणजे उलट्याचं उलट होऊन सगळं सुलट. "तुमचा उजवा खांदा जरा उतरता आहे," असं त्या सांगत तेव्हा तो खरोखर उजवाच असे. इतक्या वर्षांत त्यांनी एकही खिसा भलत्या बाजूला लावला नाही. अशा बाईला तुमचं डावं-उजवं चुकतं म्हणून बाहेरचं कोण सांगायला जाणार?

घरच्यांना मात्र सगळं ठाऊक होतं. "आपलं उजवं की आईचं उजवं?" असं मुलगी विचारायची आणि मगच कपाट उघडायची. बाईंच्या यजमानांनी तर विचारणंही सोडून दिलं होतं. रस्त्यात बाई डावीकडे म्हणाल्या, की ते मुकाट्याने उजवीकडे वळायचे, आणि दोघं बरोबर जागी पोहोचायची.

यजमान कारखान्यात लेथवर होते. हाताखाली लोखंड लोण्यासारखं वागायचं, पण जीव अडकलेला पाण्यात. निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून त्यांनी घरामागच्या शेडमध्ये एक मोडकी मोटरबोट आणून ठेवली होती. तिचा तळ त्यांनी नवा केला, कुणी भंगारात काढलेलं इंजिन उघडून पुन्हा बसवलं, लायसन काढलं, आणि गावाबाहेरच्या मोठ्या तलावात बोट सोडली. त्या दिवसापासून आळीने त्यांना कप्तान म्हणायला सुरुवात केली. सुरुवातीला चेष्टेने म्हणत. पुढे चेष्टा गळून पडली आणि नाव राहिलं.

बाई त्या बोटीला अक्षरशः पाण्यात पाहायच्या. सुट्टीच्या दिवशी नवरा तलावावर, शिवायला आलेल्या कपड्यांना व्हार्निशचा वास, आणि न्हाणीघरात ऑइलचे काळे हात उमटलेले. सवत बरी, ती निदान साबण जागेवर ठेवते, असं त्या गिऱ्हाइकांना सांगत. बोटीत त्या क्वचितच बसल्या, तेही लाइफ जॅकेटची शिलाई किती कच्ची आहे हे बोलून दाखवण्यापुरतं.

मग कप्तानांचे डोळे गेले. पूर्ण गेले नाहीत. नजरेचा मधला भाग गेला, कडा राहिल्या. समोर धरलेला कप त्यांना दिसेना, पण दारातून कोण आलं ते दिसायचं. लायसन पुन्हा काढायची वेळ आली तेव्हा डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले. घरी येऊन त्यांनी बोटीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, विकून टाकू. तलावाच्या पलीकडच्या काठावर एक दातांचे डॉक्टर राहत, त्यांना बोट हवीच होती. सुट्ट्या लागायच्या आत ती पलीकडे आणून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्यानंतर कप्तान खुर्चीत बसले ते बसलेच. बोलायला लागले की ज्यांना थांबवावं लागायचं, तो माणूस दिवसभरात हो आणि नको एवढ्यावर भागवू लागला. रेडिओ लावून ठेवायचे आणि ऐकायचे नाहीत. शिवणाच्या खोलीतून बाईंना त्यांची पाठ दिसायची. कपड्यांना आता कसलाच वास येत नव्हता, आणि एका दुपारी कॉलर कापता कापता बाईंच्या लक्षात आलं, की आपल्याला तो वास हवा आहे. त्यांना रडू आलं. कात्री खाली ठेवून त्या थोडा वेळ रडल्या, मग कॉलर पूर्ण केली आणि तलावावर गेल्या.

धक्क्यावर बोट शिकवणारा एक मध्यमवयीन माणूस होता. उन्हाने रापलेला, तोंडाने कमी आणि हाताने जास्त बोलणारा. बाईंनी त्याला सरळ विचारलं, डोळे अधू झालेल्या माणसाला पुन्हा कधीच बोट चालवता येत नाही का? एकट्याला नाही, तो म्हणाला. पण शेजारी लायसनवाला बसलेला असेल, पाणी मोकळं असेल आणि वेग कमी असेल, तर दुसऱ्याने स्टीअरिंग धरलेलं इथल्या नियमात बसतं. "हात कुणाचेही असोत, मावशी. डोळे आणि जबाबदारी लायसनवाल्याची."

बाईंनी तिथल्या तिथे वर्गात नाव घातलं.

घरी त्यांनी वेगळंच सांगितलं. बोट पलीकडे पोहोचवायची तर कुणीतरी चालवायला हवी, भाड्याच्या माणसाच्या हातात मी ती देणार नाही, म्हणून शिकते. खरं कारण सांगितलं असतं तर कप्तानांनी साफ नकार दिला असता. आंधळ्याला खेळणं नको मला, असं म्हणाले असते, आणि त्यांनी एकदा नाही म्हटलं की ते लेथवरच्या मापासारखं, केसभरही हलत नसे. तेव्हा बाई गप्प राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या पहिल्यांदाच गप्प राहिल्या असतील, असं मुलगी नंतर म्हणाली.

मुलीला मात्र खरं सांगितलं होतं. ती औषधांच्या दुकानात काम करायची, शब्द तोलून बोलायची. तिने एवढंच विचारलं, "आई, पाण्यावर आपलं उजवं की तुझं?" बाईंनी तिला उडवून लावलं. गाड्यांसारखी गर्दी असते का तलावात!

वर्गात सगळी पंचविशीतली मंडळी. बाई पहिल्या बाकावर, चष्मा पुसून, पाठ ताठ ठेवून. गाठी त्यांना पाहताक्षणी आल्या. दोरा जाड झाला एवढंच, असं त्या म्हणाल्या. बोटीच्या उजव्या बाजूला हिरवा दिवा आणि डाव्या बाजूला लाल, हे पाठ केलं. समोरून येणाऱ्या बोटीचा कुठला दिवा आपल्याला कुठे दिसेल, या प्रश्नावर अर्धा वर्ग गडबडायचा. बाई कधीच नाही. समोरून येणारी बोट म्हणजे समोर उभं राहिलेलं गिऱ्हाईक. लेखी परीक्षेत त्या चांगल्या मार्कांनी पास झाल्या. हे तर माझ्या डाव्या हातचा मळ, असं घरी येऊन म्हणाल्या, आणि कप्तान बऱ्याच दिवसांनी हसले. का हसले ते बाईंना कळलं नाही.

बोट चालवायचे धडेही सुरळीत झाले. शिकवणारा डावीकडे-उजवीकडे म्हणायचाच नाही. पुढे बसून हाताने दाखवायचा, इकडे, तिकडे, बास. बाई त्याच्या हाताकडे बघायच्या आणि स्टीअरिंग फिरवायच्या. इतकी हलकी फिरकी मी तरुण पोरांच्या हातात पाहिली नाही, असं त्याने कप्तानांना निरोप देऊन कळवलं. अशा रीतीने बाईंचं उजवं सगळ्या गाळण्यांतून बिनबोभाट खाली उतरलं आणि थेट परीक्षेच्या बोटीत जाऊन बसलं.

परीक्षक मागच्या बाकावर बसले होते. हाताने दाखवणं त्यांच्या पद्धतीत नव्हतं. धक्क्यावरून बोट काढणं झालं, परत लावणं झालं, नांगर टाकणं झालं. मग मोकळ्या पाण्यात गेल्यावर परीक्षकांनी एक केशरी तरंगता डबा गुपचूप बाहेर फेकला आणि मागून आवाज दिला, "उजवीकडे माणूस पडला!"

अशा वेळी काय करायचं ते बाईंना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. माणूस ज्या बाजूला पडला त्याच बाजूला स्टीअरिंग वळवायचं, म्हणजे बोटीचा मागचा भाग दुसरीकडे सरकतो आणि पाण्याखालचा पंखा माणसापासून दूर जातो. बाईंनी क्षणाचाही उशीर केला नाही. त्यांनी उजवीकडे वळवलं. आपल्या उजवीकडे.

खालून कडकड आवाज आला. परीक्षकांनी इंजिन बंद करायला सांगितलं. पाण्यावर केशरी डब्याचे तुकडे वर आले, एकेक करून, आणि बोटीच्या कडेने मागे सरकत गेले. परीक्षक वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"बाई," ते म्हणाले, "तुमचा माणूस गेला."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. घरी आल्यावर त्या शिवणाच्या खोलीत जाऊन मशीनसमोर बसल्या आणि मशीन चालवलं नाही. मशीनचा आवाज नाही म्हणून कप्तान खुर्चीतून उठून दारात आले. बाईंनी सगळं सांगितलं. चुकीचा हात, पंखा, तुकडे. परीक्षक काय म्हणाले तेही. शेवटी म्हणाल्या, की डबा होता म्हणून ठीक, पण खरा माणूस असता तर? मला नाही जमायचं हे. परीक्षा पुन्हा द्यायला सुट्ट्यांच्या आधी एकच तारीख होती, आणि जन्मभराची खोड एवढ्यात कशी जाणार, हा त्यांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता.

कप्तान दाराच्या चौकटीला टेकले. मग त्यांनी विचारलं, "आवाज आल्यावर तू कुठे बघितलंस?"

"बघायला वेळ कुठे होता? वळवलं."

"तीच चूक. डावं-उजवं नाही तुझी चूक. शब्दावर वळलीस. माणसाकडे बघितलंच नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तानांची खुर्ची बाहेरच्या खोलीतून शिवणाच्या खोलीत आली. ते बाईंच्या मागे बसले, मांडीवर दोऱ्याच्या रिळांचा डबा घेऊन. बाई पुढे स्टुलावर, हातात भरतकामाची मोठी लाकडी रिंग. कप्तान एक रीळ फेकायचे आणि ओरडायचे, उजवीकडे माणूस पडला, नाहीतर डावीकडे. बाईंनी मान वळवून रीळ शोधायचं आणि त्या बाजूला रिंग फिरवायची. मान आधी, हात नंतर. कप्तान तोंड भलतीकडे करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे आणि निकाल द्यायचे, वाचला किंवा मेला.

पहिल्या दिवशी रिळांचं स्मशान झालं. बाईंचे हात मानेला थांबतच नव्हते. तेव्हा कप्तानांनी एक दुष्टपणा केला. ते खोटं बोलायला लागले. उजवीकडे ओरडायचे आणि रीळ डावीकडे टाकायचे. कधी डावीकडे ओरडून डावीकडेच टाकायचे. शब्दावर विसंबावं तर फसगत, न विसंबावं तरी फसगत. बाई चिडल्या. एकदा तर रिंग आपटून स्वयंपाकघरात निघून गेल्या आणि तिथून त्यांनी कप्तानांच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. कप्तान शांतपणे रिळं गोळा करत राहिले. ती त्यांना चाचपडत शोधावी लागत होती. ते पाहून बाई परत आल्या, रिंग उचलली आणि म्हणाल्या, टाका.

मॅनेजरीणबाई कोट न्यायला आल्या तेव्हा हे दोघं असे बसलेले. एक लाल रीळ त्यांच्या पायाशी घरंगळत आलं, बाईंनी तिकडे रिंग फिरवली आणि मागून आवाज आला, वाचला. मॅनेजरीणबाईंनी कोट काखेत मारला आणि काही न विचारता निघून गेल्या. म्हातारपणी दोघांना खेळ सुचलाय, अशी बातमी संध्याकाळपर्यंत आळीभर झाली. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. कप्तान जेवताना पुन्हा बोलायला लागले होते. वारा मागून असला तर बोट कशी वागते, पडलेल्याला पकडायला जाताना इंजिन गिअरमधून कधी सोडायचं, बडबड नुसती. बाई हूं हूं करत ऐकायच्या आणि पुन्हा विचारायच्या, कळलेलं असलं तरी.

दुसऱ्या परीक्षेला परीक्षक तेच होते. डबा नवा होता. त्यांनी मागून आवाज दिला. कुठली बाजू म्हणाले ते बाईंनी ऐकलंच नाही, असं त्या आजही शपथेवर सांगतात. त्यांना ऐकू आलं ते फक्त माणूस पडला. त्यांनी मान वळवली. केशरी डबा लाटेवर वर-खाली होत होता. डोळा त्याच्यावर ठेवूनच त्यांनी त्याच्याकडे स्टीअरिंग फिरवलं, पंखा दूर गेला, बोट गोल फिरून वाऱ्याच्या तोंडाला आली. इंजिन गिअरमधून सुटं करून, अंगावरचं माप घेताना जातात तितक्या सावकाश, त्या डब्यापाशी गेल्या आणि वाकून त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला.

"वळायला जरासा उशीर केलात," परीक्षक म्हणाले.

"बघत होते," बाई म्हणाल्या.

परीक्षकांनी त्यांना पास केलं.

बोट पोहोचवायच्या दिवशी बाईंनी कप्तानांना बरोबर चला म्हटलं. शेवटचं पोहोचवून येऊ. ते आले, पण धक्क्यावर बोटीला हात लावताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. शेजारच्या जागेवर ते हात मांड्यांवर ठेवून बसले, दवाखान्यात नंबरची वाट बघत बसतात तसे. बाईंनी दोर सोडला, बोट बाहेर काढली, आणि तलावाच्या मधोमध, जिथे चारी बाजूंना नुसतं पाणी होतं, तिथे इंजिन सुटं करून त्या उठून उभ्या राहिल्या.

"बसा इथे."

कप्तानांना आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ते रागावले. "माझं लायसन गेलंय."

"माझं आलंय," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी नियम सांगितला. हात कुणाचेही, डोळे माझे. त्यासाठीच शिकले, हेही सांगितलं. "पोहोचवायला भाड्याचा माणूस मिळाला असता हो. एवढी रिळं मारून घ्यायची मला काय हौस होती?"

कप्तान सरकून स्टीअरिंगमागच्या जागेवर बसले. लेथच्या माणसाचे ते हात त्यांनी स्टीअरिंगवर ठेवले. बोट हळूहळू निघाली. बाई शेजारी उभ्या, एक हात काचेच्या चौकटीवर, नजर पुढे.

लांबवर पाण्यावर तरंगणारा एक लाल बोया दिसला. त्याच्या डावीकडून जायला हवं होतं. बाई आता शिकलेल्या होत्या. त्यांनी मनातल्या मनात पक्का हिशेब केला, लिहिण्याचा हात डावा, वर्गाच्या वहीतला खरा डावा, आणि वाट सांगताना आयुष्यात पहिल्यांदा अगदी बरोबर शब्द उच्चारला, "डावीकडे घ्या."

कप्तानांनी ताबडतोब, जन्मभराच्या सवयीने, बोट उजवीकडे घातली.

बोया नाकासमोर आला. बाईंनी झडप घालून स्टीअरिंग ओढलं, बोट कलली, बोया कडेला घासून मागे गेला. मग कप्तान हसायला लागले, इतके की त्यांना वेग शून्यावर आणावा लागला. बाईंनाही हसू आवरेना. पोट दुखेपर्यंत हसून झाल्यावर कप्तानांनी डोळे पुसले. ते फक्त हसण्याने ओले झाले नव्हते.

"अगं, तू शहाणी झालीस हे सांगायचंस तरी," ते म्हणाले. "नको. तू आपलं तुझंच सांग. मला तेच येतं."

मग बाईंनी स्वतःचंच सांगितलं. उजवीकडे म्हणाल्या, बोट डावीकडे वळली. डावीकडे म्हणाल्या, उजवीकडे वळली. काठावरून कुणी ऐकलं असतं तर त्याचा जीव वर-खाली झाला असता, पण बोट रेघ मारल्यासारखी गेली. कप्तानांनी थोडा वेग वाढवला. बाईंनी वाढवू दिला, पाणी मोकळं होतं.

पलीकडचा काठ जवळ आला. डॉक्टरांचा लाकडी धक्का, त्यावर स्वतः डॉक्टर, दोर घ्यायच्या तयारीत. हे सांगायचं की नाही, आणि कसं, ते बाईंना कळेना. तरी डोळ्यांची जबाबदारी त्यांची होती, म्हणून त्या म्हणाल्या, "धक्का आला. डॉक्टर उभे आहेत. हात करताहेत."

कप्तानांचे हात स्टीअरिंगवर होते, आणि वेग त्यांनी कमी केला नाही.

"मग तूही कर," ते म्हणाले, आणि त्यांनी विचारलं, "पुढे मोकळं आहे का?"

बाईंनी आधी नीट बघितलं. मग डॉक्टरांना हात केला आणि म्हणाल्या, "मोकळं आहे."